ऐकण्याच्या वाटेवरचे पहारेकरी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कानाच्या रचनेवरचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. बहुतेकांनी प्रश्न कानाविषयी विचारले असले, तरी त्यांची उत्तरे कानाच्या पुढे, मेंदूत सापडतात. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : एका स्नेहसंमेलनात आठ-दहा जण एकाच वेळी बोलत होते, तरी समोर बसलेल्या मैत्रिणीचे बोलणे मला व्यवस्थित समजत होते. त्याच वेळी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण घरी येऊन ऐकले, तर त्यातले एक वाक्य धड लागेना. आवाज तेच होते. मग माझ्या कानांना जे जमले ते यंत्राला का जमले नाही?

उत्तर : यात थोडा वाटा तुमच्या दोन कानांचा आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानावर आधी पडतो आणि डाव्या कानावर किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढा असतो, आणि मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठातल्या, चेतापेशी तेवढ्या फरकावरून आवाजाची दिशा ठरवतात. मोबाइलच्या मुद्रणात ही दिशा बहुतांशी हरवते, त्यामुळे सगळे आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखे एकमेकांत मिसळतात. पण दिशा कळली म्हणून काम भागत नाही. आठ दिशांनी आलेल्या आठ बोलण्यांपैकी एक पुढे न्यायचे आणि सात मागे ठेवायची, हे काम निराळे आहे आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तेथे आहे.

कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. ऐकणाऱ्याच्या एका कानात एक उतारा आणि दुसऱ्या कानात दुसरा उतारा एकाच वेळी ऐकवायचा, आणि ठरवून दिलेल्या कानातला उतारा त्याने ऐकता ऐकताच मोठ्याने म्हणत जायचे, अशी ती पद्धत होती. लोकांना हे सहज जमले. मात्र दुसऱ्या कानात काय चालले होते, असे विचारले, तर त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. तिकडे इंग्रजी थांबून जर्मन सुरू झाली तरी त्यांच्या ते लक्षात आले नव्हते; पुरुषाच्या जागी स्त्रीचा आवाज आला, तर तेवढे कळत होते. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव पेरून पाहिले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आले. म्हणजे नको असलेला आवाज दाराबाहेर पुरता कोंडला जात नाही. त्याला आत येऊ दिले जाते, पण मंद करून, आणि त्यातले काही विशेष महत्त्वाचे असेल तर ते तरीही वर येते.

हे मंद करणे नेमके कोठे घडते? शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत सगळे बाण एकाच दिशेने जातात : कानाचा पडदा, तीन हाडे, गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा कॉक्लिया, श्रवणमज्जा, मस्तिष्कस्तंभातली दोन-तीन ठाणी, मध्यमस्तिष्क, मेंदूच्या मध्याशी असलेला थॅलॅमस आणि शेवटी मेंदूच्या बाह्यकातला, म्हणजे बाहेरच्या थरातला, श्रवणाचा भाग. आकृती चुकीची नाही, पण ती अर्धी आहे. या प्रत्येक ठाण्याकडे वरच्या ठाण्यांतून परत येणारे तंतूही असतात. थॅलॅमसपुरते बोलायचे, तर तेथून बाह्यकाकडे जाणाऱ्या तंतूंपेक्षा बाह्यकाकडून तेथे येणारे तंतू कितीतरी पटींनी अधिक आहेत. ही उलट वाहतूक एवढी असेल, तर ती तेथे निरुद्योगी बसलेली नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

या उलट वाटेचा सर्वांत खालचा टोकाचा भाग मला व्यक्तिशः सर्वांत नवलाचा वाटतो, कारण तो थेट कानात उतरतो. ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये मस्तिष्कस्तंभातून निघून कॉक्लियात जाणारा तंतूंचा एक जुडगा दाखवून दिला. दहा वर्षांनी रॉबर्ट गॅलॅम्बोस यांनी त्या जुडग्याला विजेचे सौम्य धक्के दिले, तेव्हा कानाकडून मेंदूकडे जाणारे संदेश क्षीण झाले. याचे कारण असे. माणसाच्या प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. मेंदूला आवाज कळवण्याचे काम प्रामुख्याने आतल्या पेशी करतात. बाहेरच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतःच लांब-आखूड होतात आणि कॉक्लियातले कंपन वाढवतात. थोडक्यात त्या कानातल्या ध्वनिवर्धक आहेत. मस्तिष्कस्तंभातून येणारे ते तंतू याच बाहेरच्या पेशींवर संपतात आणि अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडून त्यांचा जोर कमी करतात.

येथे एक शंका यावी. गोंगाटात ऐकायचे आहे, आणि मेंदू तर कानाची वाढवण्याची ताकदच कमी करतो. याने नुकसान होणार नाही काय? शांत खोलीत होईल. पण पंख्यासारखी घरघर सतत चालू असेल, तर श्रवणमज्जेतले तंतू त्या घरघरीला प्रतिसाद देण्यातच थकतात, आणि तिच्यावर उमटणाऱ्या बोलण्यातले चढउतार दाखवायला त्यांच्यापाशी वाव उरत नाही. वाढवण्याचा जोर थोडा उतरवला, की ती सलग घरघर खाली बसते, तंतू मोकळे होतात आणि बदलते आवाज तिच्यातून उठून दिसू लागतात.

माणसात हे पाहायला डोके उघडावे लागत नाही. बाहेरच्या केशपेशींच्या या हालचालीमुळे कान स्वतःच अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत नाजूक मायक्रोफोन बसवून तो टिपला, आणि आज नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत तोच वापरतात. आता एका कानात मायक्रोफोन ठेवून दुसऱ्या कानात गोंगाट सोडला, की पहिल्या कानाचा तो क्षीण आवाज आणखी उतरतो. गोंगाट एका कानात, लगाम दुसऱ्या कानाला. मधला निरोप मस्तिष्कस्तंभातून गेलेला असतो.

मात्र लक्ष देण्याचे सगळे श्रेय या खालच्या ठाण्यांना देण्याचा मोह टाळावा. १९५६ मधला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. राऊल एर्नांदेस-पेऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतल्या पहिल्याच श्रवणठाण्यात तारा बसवल्या आणि त्याला टकटक असा आवाज ऐकवत ठेवला. प्रत्येक टकटकीला तेथे विजेचा एक ठळक ठिपका उमटत होता. मग मांजरासमोर काचेच्या बरणीत उंदीर ठेवले. मांजराची नजर उंदरांवर खिळली आणि ते ठिपके लहान झाले. लक्ष दुसरीकडे गेले, की मेंदू पहिल्याच दाराशी आवाज अडवतो, याचा हा पुरावा म्हणून तो प्रयोग गाजला. पुढे इतरांनी विचारले, की मांजर उंदरांकडे पाहताना डोके आणि कान वळवते, तेव्हा ध्वनिक्षेपकाचा आवाज मुळात कानातच कमी पोहोचत असेल तर? ती शंका रास्त होती, आणि आवाज कानात नेमका किती पोहोचतो यावर नियंत्रण ठेवल्यावर तो परिणाम बराचसा विरला. माझ्या मते हा प्रयोग फसला म्हणून विसरण्याजोगा नाही. लक्षाविषयी काहीही मोजताना कानात प्रत्यक्ष काय गेले ते आधी मोजले पाहिजे, हा धडा त्यातूनच पक्का झाला.

लक्षाची मोठी कामगिरी वर, थॅलॅमस आणि बाह्यकात दिसते. थॅलॅमसभोवती निरोधक चेतापेशींचे एक पातळ कवच असते. थॅलॅमसकडून बाह्यकाकडे जाणारे आणि तिकडून परत येणारे तंतू या कवचातून जाताना त्याला फाटे देत जातात, म्हणजे दोन्हीकडच्या बातम्या त्याला कळतात. पण ते स्वतः बाह्यकाला काही कळवत नाही, त्याचे तंतू उलटून थॅलॅमसवरच येतात आणि तेथल्या पेशींना गप्प करतात. डीएनएच्या रचनेच्या शोधामुळे ठाऊक असलेले फ्रान्सिस क्रिक पुढे मेंदूकडे वळले होते. त्यांनी १९८४ मध्ये अशी कल्पना मांडली, की थॅलॅमस हे बाह्यकाचे प्रवेशद्वार असेल, तर हे कवच त्या दारावरचा पहारेकरी म्हणावे लागेल. त्यांच्या मांडणीतले काही तपशील पुढे टिकले नाहीत, पण पहारेकरी हा शब्द मात्र टिकला, आणि या उत्तरांच्या शीर्षकासाठी मीही तो उसना घेतला आहे.

बाह्यकात पोहोचल्यावरही सरळ रस्ता नाही. तेथल्या साधारण पाचांतली एक चेतापेशी निरोधक असते, आणि या निरोधक पेशींतही जाती आहेत. एक जात मुख्य पेशींच्या धडालाच वेढा घालून त्यांना क्षणात थांबवते. दुसरी त्यांच्या लांबवर पसरलेल्या शाखांवर बसून येणारे निरोप दाबते. तिसरी जात मुख्यतः या दुसऱ्या जातीलाच गप्प करते, आणि लगाम धरणाऱ्याचाच हात धरला की घोडा मोकळा सुटतो, तसा तेवढ्यापुरता मुख्य पेशींचा आवाज वाढतो. ज्या क्षणी एखादा आवाज महत्त्वाचा ठरतो, त्या क्षणी मेंदूच्या तळाकडून येणारे अ‍ॅसिटिलकोलीन या तिसऱ्या जातीला जागे करणाऱ्या कारणांपैकी एक असते.

या साऱ्याचे फळ किती स्वच्छ असते, ते निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी २०१२ मध्ये दाखवले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी तपासणीसाठी ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवलेले होते, अशा रुग्णांना त्यांनी दोन व्यक्तींचे बोलणे एकत्र मिसळून ऐकवले आणि एकीकडेच लक्ष द्यायला सांगितले. श्रवणबाह्यकातल्या नोंदींवरून संगणकाने आवाजाचे चित्र पुन्हा रचले, तेव्हा ते मिश्रणासारखे दिसेना. ती लक्ष दिलेली व्यक्ती एकटीच बोलत असावी असे दिसत होते. तुमच्या मोबाइलने मिश्रण जपून ठेवले. तुमच्या मेंदूने ते तसे वर पोहोचूच दिले नव्हते.

प्रश्न : निर्जन रस्त्यावर मागून येणाऱ्या पावलांचा बारीकसा आवाजही लगेच जाणवतो, पण त्याहून मोठा असलेला स्वतःच्या पावलांचा आवाज जाणवत नाही. हा केवळ सवयीचा भाग आहे काय?

उत्तर : सवयीचा भाग आहे, पण तिच्याखाली एक खास जोडणी आहे. हालचालीची आज्ञा स्नायूंना जाते, तेव्हा तिची एक प्रत श्रवणाच्या भागाकडेही जाते : आता जो आवाज येईल तो आपलाच आहे.

ही प्रत सर्वांत स्पष्ट दिसते ती रातकिड्यात. नर रातकिडा पंखांवर पंख घासून गातो आणि त्याचा आवाज त्याच्याच जवळ शंभर डेसिबलच्या वर जातो. त्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर असतात, म्हणजे आवाजाच्या उगमाला अगदी लागून. तरीही गाताना तो बहिरा होत नाही. जेम्स पूलेट आणि बर्थोल्ड हेडविग यांनी २००६ मध्ये दाखवले, की हे काम एक विशिष्ट चेतापेशी करते. तिची जोडीदार दुसऱ्या बाजूला असते. पंख मिटून आवाज निघतो नेमक्या त्याच क्षणी ती पेशी पेटते आणि श्रवणमार्गातल्या पेशींना दाबते. दोन सुरांमधल्या विरामात ती शांत असते, आणि तेवढ्या फटीत रातकिडा बाहेरचे ऐकून घेतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर एका पेशीत सापडावे, हे या शास्त्रात फार क्वचित घडते.

सस्तन प्राण्यांत जोडणी अधिक गुंतागुंतीची आहे. डेव्हिड श्नायडर, रिचर्ड मूनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर काम करून दाखवले, की हालचालीचे नियोजन करणाऱ्या बाह्यकातले तंतू श्रवणबाह्यकात येऊन, वर सांगितलेल्या पहिल्या जातीच्या निरोधक पेशींना चेतवतात. त्यामुळे उंदीर पळू लागण्याच्या सुमारासच त्याचे श्रवणबाह्यक मंदावते. याच गटाने २०१८ मध्ये केलेला प्रयोग तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. फिरत्या पट्ट्यावर चालणाऱ्या उंदराच्या प्रत्येक पावलाबरोबर त्यांनी एक ठरावीक कृत्रिम स्वर वाजवला. काही दिवसांनी उंदराच्या श्रवणबाह्यकाने चालताना नेमका तोच स्वर दाबायला सुरुवात केली, आणि इतर स्वरांना मात्र पूर्वीसारखाच प्रतिसाद दिला. थोडक्यात, आपल्या पावलांचा आवाज कसा असतो हे मेंदू शिकतो आणि तेवढाच वजा करतो. मागून येणारी पावले त्या वजाबाकीत बसत नाहीत, म्हणून ती कानात भरतात.

बोलतानाही असेच घडते. तोंडातून शब्द फुटण्याच्या किंचित आधीच मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो, आणि श्रवणबाह्यक स्वतःच्या आवाजाला तोच आवाज नुसता ऐकताना देते त्यापेक्षा कमी प्रतिसाद देते. (ध्वनिमुद्रणात आपला आवाज परका वाटतो, त्याचे कारण वेगळे आहे : बोलताना तो कवटीच्या हाडांतूनही कानात पोहोचतो, मुद्रणात तो वाटा नसतो.) स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेक व्यक्तींमध्ये ही दाबण्याची क्रिया दुबळी आढळते, आणि स्वतःचे मनातले बोलणे परक्याच्या आवाजासारखे भासण्यामागे तेही एक कारण असावे, असा एक विचार अभ्यासकांत आहे.

प्रश्न : डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. मग झोप लागते कशी? आणि वाहनांच्या आवाजाने न जागणारी आई बाळाच्या हुंकाराने का जागी होते?

उत्तर : गाढ झोपेत थॅलॅमसच्या पेशी आपली बोलण्याची रीतच बदलतात. जागेपणी त्या आलेला आवाज जसाच्या तसा पुढे देतात; झोपेत त्या थांबून थांबून झुबक्याने पेटतात, आणि अशा तुटक भाषेत आवाजाचा तपशील नीट पोहोचत नाही. वर सांगितलेले कवच या काळात सेकंदाला बारा-चौदा वेळा हेलकावणाऱ्या लहरींचे छोटे छोटे हप्ते निर्माण करते. २०१० मधल्या एका अभ्यासात, शांत रात्री ज्यांच्या मेंदूत या लहरी अधिक आढळल्या, त्यांची झोप गोंगाटाच्या रात्री कमी मोडली.

पण दार पूर्ण बंद नसते. झोपलेल्या माणसाला बरीच नावे ऐकवली, तर त्याच्या स्वतःच्या नावाला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, हे १९६० पासून ठाऊक आहे. बाळाचा हुंकार आईसाठी त्याच जातीचा आवाज आहे, आणि बाळाची जबाबदारी ज्याच्यावर असेल अशा कोणासाठीही तो तसा होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या वडिलांची श्रवणचाचणी त्यांच्या वयाच्या मानाने चांगली आली, तरी चारचौघांत बसले की त्यांना बोलणे समजत नाही. घरचे म्हणतात, त्यांचे लक्षच नसते.

उत्तर : हा आरोप घरच्यांनी मागे घ्यावा. नेहमीची चाचणी शांत खोलीत, एकेका शुद्ध स्वराने होते, आणि किती हळू स्वर ऐकू येतो एवढेच ती सांगते. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांत दाखवले, की मोठ्या आवाजाने तात्पुरते बिघडलेले श्रवण पूर्ववत झाले, केशपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले काही ठिकाणी निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेलेले असू शकतात. शांततेत उरलेले सांधे पुरतात. गोंगाटात ते अपुरे पडतात. त्यातच वृद्ध प्राण्यांच्या श्रवणमार्गात निरोधक पेशींचा जोर ओसरलेला आढळतो, म्हणजे नको ते मागे ठेवणारे पहारेकरीच थकलेले असतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमके काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून श्रवणतज्ज्ञाकडे गोंगाटातले बोलणे समजण्याची वेगळी चाचणी मागा. तोपर्यंत त्यांच्याशी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील असे, एका वेळी एकानेच बोलावे आणि टीव्ही बंद ठेवावा. आवाज चढवून बोलण्याचा उपयोग त्या मानाने कमी होतो.

प्रश्न : दोन वर्षांपासून माझ्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो. मेंदू एवढे आवाज दाबू शकतो, तर हा एक का दाबत नाही?

उत्तर : बहुतेकदा हा आवाज बाहेरून आलेला नसतो आणि कानातही निर्माण झालेला नसतो. काही केशपेशी किंवा त्यांचे सांधे गेले, की त्या सुरांची आवक घटते, आणि ती भरून काढण्यासाठी वरची ठाणी स्वतःचा आवाज वाढवतात, निरोधक पेशींची पकड सैल होते. मग तेथल्या पेशींची एरवीची किरकोळ कुजबुजच शिट्टी बनून ऐकू येते. पहारेकऱ्याच्या मागच्या बाजूला उगम असलेला आवाज दारावर कसा अडवणार, अशी ही अडचण आहे. मात्र त्या आवाजाला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवणारे भावनांचे भाग या मार्गाशी जोडलेले आहेत, आणि उपचार बहुतांशी तेथून काम करतात : समुपदेशन, विचार आणि वर्तन यांवर आधारलेली मानसोपचार पद्धती, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि निजताना खोलीत संथ, सौम्य आवाज चालू ठेवणे. शिट्टी हमखास बंद करणारे औषध आज उपलब्ध नाही, तेव्हा तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर पैसे खर्चू नका. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा त्याबरोबर चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा. आणि एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी जा, कारण त्यावरचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.